ओल्या फडक्यानं पुसलं तरी चालतंय

म्हाळसाबाई : आधी ते शटर अर्धं खाली वढा. मग सोडते.

मच्छिंद्र : वहिनी, भर दुपारी शटर वढलं तर लोक म्हणतील पेंटरनं धंदा गुंडाळला. एवढं काय आणलंय घोंगडीत? कोकरू हाय का काय?

म्हाळसाबाई : चेष्टा नगा करू, पेंटर. वढा म्हणते ना.

(दौंडच्या एसटी स्टँडमागच्या बोळात मच्छिंद्र पेंटरचं दुकान आहे. बाहेरची पाटी त्यानं तरुणपणी स्वतः ब्रशनं लिहिलेली. आत मात्र अर्ध्या जागेत लेक गौतमीचा कॉम्प्युटर, तोही पडद्याआड. म्हाळसाबाई पाटसजवळच्या वस्तीवरून सीटा भरून चालणाऱ्या वडापच्या जीपनं आली आहे. तिच्या नवऱ्याचं, शंभू आण्णाचं, भलंमोठं चित्र पेंटरनं वर्षश्राद्धाला करून दिलं होतं आणि त्याबद्दल भर मांडवात शाल-नारळही घेतला होता. घोंगडीत गुंडाळलेली चौकट त्यानं बघताच ओळखली आहे आणि तो धास्तावला आहे. चेष्टा सुचली ती त्यामुळेच.)

मच्छिंद्र : घ्या. वढलं. आता सोडा.

म्हाळसाबाई : तुम्हीच सोडा. मी हात लावत न्हाई त्याला. गुंडाळलं बी सुनंनं.

मच्छिंद्र : बरं, मी सोडतो. ही एक गाठ... ही दुसरी... अगाई.

म्हाळसाबाई : बगितलं?

मच्छिंद्र : बघतोय.

म्हाळसाबाई : फेटा हाय तसा हाय. सदरा हाय. खांद्यावरची घोंगडी हाय, तिची किनार सुदीक. निस्तं तोंड गेलं मालकाचं. एक डोळा ऱ्हायलाय, त्यो बी पाण्यात बुडाल्यावाणी.

मच्छिंद्र : कसं झालं ह्ये?

म्हाळसाबाई : म्या केलं. ह्या हातानं.

मच्छिंद्र : म्हंजी?

म्हाळसाबाई : दर रविवारी देवाला भंडारा लावला की मालकाला बी बोट लावायची कपाळाला. माणूस देवापाशी गेलाय, मग त्याला बी नगं का? पर हळद ती. साचत गेली, खाली गळत गेली, समदं तोंड पिवळं दिसाया लागलं. मग मला तुमचं बोलणं आठवलं.

मच्छिंद्र : माझं कुठलं?

म्हाळसाबाई : आसं काय करता? माइक व्हता की तुमच्या हातात. म्हणालात, ‘वहिनी, ह्यो ऑइलचा रंग हाय, ओल्या फडक्यानं पुसलं तरी चालतंय. नातवंडं म्हातारी व्हतील, पर आण्णा हितंच बसल्यालं असतील.’ समदी हसली तवा.

मच्छिंद्र : व्हय. बोललो व्हतो.

म्हाळसाबाई : म्हणून मालकाच्याच जुन्या धोतराचं फडकं घेतलं. ओलं केलं, पिळलं, आन् हळू पुसलं. बाळाचं तोंड पुसावं तसं. आधी भंडारा आला फडक्याला. मग तांबूस आलं. मग काळं. म्हटलं धूळ असंल चुलीची. वर मान करून बगते तर डोळा न्हाई.

मच्छिंद्र : पाणी... पाणी जास्त झालं असंल, वहिनी.

म्हाळसाबाई : पिळलं व्हतं की.

मच्छिंद्र : पिळलं तरी राहतंच थोडंफार. आन् जोर लागला असंल. बायामाणसांचा हात भांडी घासायचा, कळत न्हाई पुसताना. ऑइल झालं तरी त्याला जपावं लागतं.

म्हाळसाबाई : तेच म्हणते मी. तुमच्या रंगात काय खोट न्हाई. पाटसच्या नाक्यावर तुम्ही लिव्हलेली पाटी मी लगीन होऊन आले तवापासनं हाय, ऊन-पाऊस खाऊन अजून वाचता येती. खोट माझ्या हातात हाय.

मच्छिंद्र : असं कोण म्हणलं?

म्हाळसाबाई : भागुबाई. मोठी जाऊ माझी. म्या तर कुणाला कळू दिलं न्हवतं. खिळा निसटला म्हणून सांगितलं आन् धान्याच्या कोठीमागं ठिवलं, तोंड भितीकडं करून. तिनं उकरून काढलं. चार बायांत उभं राहून म्हणली, ‘जिनं नवऱ्याचं तोंड पुसून टाकलं, तिनं त्यो हात आता लेकराला लावू नये.’

मच्छिंद्र : जाऊबाईंच्या तोंडाला कोण लागतंय. सोडून द्या.

म्हाळसाबाई : कसं सोडू? मला बी तसंच वाटतंय की. जित्या माणसाचं म्या कवा काय वाकडं केलं न्हाई, आन् मेल्यावर तोंड पुसलं त्याचं. माझ्या स्वराजची पोरगी रांगाया लागलीय. मी बसले की येती, लुगडं धरून उभी ऱ्हाती, हात वर करती. मी पाय काढून घेते.

मच्छिंद्र : नात घेत न्हाई तुम्ही?

म्हाळसाबाई : न्हाई घेत. देव्हाऱ्यातला भंडारा बी सून लावती आता. स्वराज कुरकुंभला कंपनीत, पाळी करून दमून येतू, त्याला काय बोलायचं? त्यो म्हणतू, आई, फोटोच हाय, जाऊ दे. त्याला काय म्हाईत. रविवारी पोरीचं जावळ हाय. समदं गणगोत येणार. आजाच्या पाया पाडायचं तिला. भितीवर निस्ता खिळा बगून लोक इचारतील का न्हाई?

मच्छिंद्र : इचारतील.

म्हाळसाबाई : म्हणून आले. तोंड पहिल्यासारखं करून द्या. तेवढंच. आन् कुणाला बोलू नगा, पाया पडते.

मच्छिंद्र : ओ, वहिनी, पाया कसल्या पडताय! उठा. ठेवून जा, रविवारच्या आत देतो.

म्हाळसाबाई : तुमच्याच हातानं करा पर. मालक म्हणायचे, तालुक्यात हात एकच, मच्छिंद्राचा.

मच्छिंद्र : व्हय. माझ्याच... करतो.

गौतमी : पप्पा, शटर का खाली? मला वाटलं लाइट गेली. हा डबा घ्या, आज वांगं आहे... अरे, मावशी तुम्ही? आणि हे, हे आपलं... हे काय झालं?

मच्छिंद्र : काय न्हाई. गौते, तू चहा सांगून ये जा.

गौतमी : पाणी लागलंय याला. पप्पा, तोंडावर वार्निश...

मच्छिंद्र : चहा सांग म्हणलं ना!

म्हाळसाबाई : आता पोरीनं बगितलं ते बगितलं. बाय, कुठं बोलू नगंस. माझ्या हातनं झालंय.

गौतमी : तुमच्या हातानं? असं कोण म्हणालं?

म्हाळसाबाई : पेंटरनी बी तेच सांगितलं. पाणी जास्त झालं आन् जोर लागला.

गौतमी : पप्पा?

म्हाळसाबाई : त्यांना नगं बोलू, ते करून देणार हायेत. मोरी कुठं हाय तुमची? तोंडावर पाणी मारते. सकाळधरनं पोटात काय न्हाई, भवंड आल्यावाणी झालंय.

गौतमी : मागं नळ आहे, मावशी. खोलीतनं सरळ जा. सावकाश, तिथं डबे आहेत रंगाचे.

मच्छिंद्र : काय बघतीस अशी?

गौतमी : पाणी जास्त झालं?

मच्छिंद्र : हळू बोल.

गौतमी : हळूच बोलतेय. वाळलेल्या ऑइलला पाण्यानं काही होत नाही, हे मला तुम्हीच दाखवलं होतं. शाळेत असताना. पत्र्याचा बोर्ड हौदात बुडवून काढला होता आणि मी टाळ्या पिटल्या होत्या.

मच्छिंद्र : मग मी काय सांगायचं तिला? आल्या आल्या म्हणली, म्या केलं. मी काय तिच्यावर ढकललं न्हाई, तिनंच घेतलं अंगावर.

गौतमी : आणि तुम्ही राहू दिलं. ही प्रिंट आहे, पाण्याच्या शाईची. पुण्याहून आणली त्याच दिवशी सांगितलं होतं, सगळीकडून वार्निश मारा, नाहीतर काच लावा.

मच्छिंद्र : मारलं की वार्निश.

गौतमी : फेट्यावर मारलं. सदऱ्यावर, घोंगडीवर. ब्रशचे फटकारे दिसावेत म्हणून. तोंड तेवढं सोडलं.

मच्छिंद्र : तोंडावर हात न्यायची छाती झाली न्हाई माझी. तू बघतीस ना हात कसा हालतोय. फेट्यावर हालला तर घडी वाटती. डोळ्यावर हालला असता तर? तुझा एवढा सुरेख डोळा म्या बिघडवून ठेवला असता.

गौतमी : मग काच लावायची.

मच्छिंद्र : काचंत फोटो वाटला असता.

गौतमी : हं.

मच्छिंद्र : हं काय? बाई दारात उभी राहून म्हणली व्हती, मालकांचं तुमच्या हातचंच पायजे. आता हिला कसं सांगू की पेंटरला धड रेघ वढता येत न्हाई? नाक्यावरच्या पोरांनी दात काढलं असतं.

गौतमी : तुमच्या हाताचं मला काही वाटत नाही, पप्पा. हात कुणाचाही थकतो. मला वाटतं ते मांडवातलं.

मच्छिंद्र : ते नको आता.

गौतमी : शाल अंगावर होती आणि तुम्ही म्हणालात, ‘कॉम्प्युटर काय, वीज गेली की मेला. ब्रशाला माणसाचा जीव चिकटतो.’ मी समोरच खुर्चीवर बसले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या.

मच्छिंद्र : तू वाजवल्यास?

गौतमी : शेजारचे सगळे वाजवत होते. एकटीच हात बांधून कशी बसणार?

मच्छिंद्र : लोकांपुढं तोंडाला आलं ते बोलून गेलो गं.

गौतमी : तेच का आलं तोंडाला? तुम्हाला तसंच वाटतं म्हणून. या कॉम्प्युटरपुढं पडदा कुणी लावला? गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून. पोट त्याच्यावर चालतं आपलं आणि तो पडद्याआड, घरात कुणी वेडं असावं तसा.

मच्छिंद्र : रंगाचं निराळं असतंय, गौते. तुला न्हाई कळायचं. रंग घोटायला लागतो, वाळायची वाट बघायला लागती. चुकलं तर खरडून काढायचं, आन् खरडल्याली जागा आपल्याला कायम दिसत राहती. तुझं काय, चुकलं की बटण दाबलं, माघारी.

गौतमी : माघारी जाता येतं म्हणून तर पुन्हा पुन्हा गेले. काय होतं माझ्यापुढं? आधार कार्डावरचा नखाएवढा फोटो. एआयला दिला तर त्यानं गोरागोमटा, पांढऱ्या दातांचा, सीरियलमधला आजोबा काढून दिला. त्याला मेंढरं हाकणारा माणूस कुठं माहीत असतो? ते फेकून दिलं आणि टॅबवर पेननं एकेक सुरकुती काढत बसले. मावशींना फोन करकरून विचारलं. बटण दाबून होत असतं तर तुम्हीच नसतं का दाबलं?

मच्छिंद्र : ठाऊक हाय मला.

गौतमी : काय ठाऊक आहे?

मच्छिंद्र : पडद्याच्या फटीतनं बघायचो मी. तू डोळ्याखालची सावली धरत व्हतीस. एकदा गडद झाली, तू पुसलीस, पुन्हा धरलीस, आन् आण्णा एकदम माझ्याकडं बघाया लागलं. अंगावर काटा आला माझ्या. आन् लाज बी तिथंच वाटली. मला जे जमंना ते माझी पोरगी करत व्हती, ते बी ज्याला मी जन्मभर शिव्या घातल्या त्याच्यावर.

गौतमी : मग आत येऊन म्हणायचं होतं तेवढंच. चांगलं झालंय म्हणून.

मच्छिंद्र : न्हाई म्हणलो.

गौतमी : नाही म्हणालात. उलट खाली तुमची सही केलीत.

मच्छिंद्र : चुकलं माझं. आता असं कर, फाईल असंल ना तुझ्याकडं? नवी प्रिंट आण. ह्या वेळी तोंडावर बी वार्निश मारू, नीट, तू मार. रविवारच्या आत देऊ लावून. बाईचं काम व्हतंय, आपली झाकली मूठ राहती.

गौतमी : आणि हात?

मच्छिंद्र : सांगितलं की, तू मार वार्निश.

गौतमी : तिचा हात, पप्पा. नात घेत नाही म्हणत होती ना ती? शटरपाशी येता येता तेवढंच कानावर पडलं माझ्या.

म्हाळसाबाई : पेंटर, ह्यो मागं नळापाशी भितीकडं तोंड करून ठिवलेला कुणाचा हाय? फेटा दिसला, म्हटलं मालकासारखाच बांधलाय. उचलून आणला. तुम्ही रागावू नगा.

मच्छिंद्र : ते कशाला आणलं! ठेवा, ठेवा तिथंच.

म्हाळसाबाई : कोण हाय पर ह्यो?

मच्छिंद्र : कुणी न्हाई. जुनं हाय.

गौतमी : पप्पा.

मच्छिंद्र : ... आण्णाच हायेत ते, वहिनी.

म्हाळसाबाई : मालक? छे! ह्यो कुणीतर भ्यालेला माणूस हाय. तोंड एकीकडं वढलंय. एक डोळा वर, एक खाली. मालक कवा आसं बगत न्हवतं. कुणी काढलंय ह्ये?

मच्छिंद्र : म्या.

म्हाळसाबाई : तुम्ही? कवा?

मच्छिंद्र : तुम्ही सांगून गेला तवाच बसलो काढायला. ऑइलनं, ब्रशनं, माझ्या हातानं. ह्येच ते. हात हालतो माझा, वहिनी. लई दिवस झालं. पाट्या बी मी लिहीत न्हाई आता, समदं पोरगी करती. चहाची बशी धरली तरी सांडती. तुम्ही मघाशी बघितलं न्हाई का, गाठी सोडायला किती येळ लागला?

म्हाळसाबाई : मग भितीवर लावलेलं कुणी काढलं?

मच्छिंद्र : गौतमीनं. कॉम्प्युटरवर. ते कापडावर छापून आणलं पुण्याहून. वरनं म्या नुसतं पारदर्शक वार्निश फिरवलं, ब्रशनं काढल्यासारखं दिसावं म्हणून. आन् खाली नाव टाकलं माझं.

म्हाळसाबाई : छापल्यालं? पेपरात छापत्यात तसं?

मच्छिंद्र : तसंच धरा. पाण्याच्या शाईत.

म्हाळसाबाई : आन् ते ओल्या फडक्याचं?

मच्छिंद्र : ती जुनी सवय. बोर्ड देताना आयुष्यभर गिऱ्हाइकाला हेच वाक्य सांगत आलो. माइक हातात आला आन् तोंडातनं गेलं. खाली येऊन बसलो तवा ध्यानात आलं. तवाच उठून सांगायला पायजे व्हतं. पर अंगावर शाल व्हती, लोकं येऊन हात मिळवत व्हती.

म्हाळसाबाई : म्हंजी म्या पुसलं म्हणून गेलं न्हाई?

मच्छिंद्र : छापल्यालं व्हतं म्हणून गेलं. कुणीबी पुसलं असतं तरी गेलं असतं. तुमच्या हातात काय खोट न्हाई, वहिनी. खोट माझ्यात हाय.

म्हाळसाबाई : मघाशी तर म्हणालात, बायामाणसांचा हात भांडी घासायचा.

मच्छिंद्र : म्हणालो.

म्हाळसाबाई : चोरावाणी शटर वढाय लावलं म्या. तुमच्या पाया पडायला वाकले. आन् तुम्ही बगत व्हता.

मच्छिंद्र : बघत व्हतो. माझी मला लाज वाटतीया, वहिनी. तुम्ही मोठ्या मनानं माफ...

म्हाळसाबाई : थांबा. माफीचं मागनं बगू. न्हाणीत बसले की ह्यो तळवा दगडानं घासायची मी, म्हाईत हाय का? सालं निघस्तोवर. सून म्हणायची, आत्या, काय लागलंय हाताला? काय सांगू तिला, काय लागलंय?

गौतमी : मावशी, बसा. हे पाणी घ्या.

म्हाळसाबाई : तूच फोन करायचीस न्हवं? भुवईवरची खूण कुठल्या अंगाला, मिशी खाली वळायची का सरळ, कानात बाळी व्हती का. मी म्हणायची, पेंटर किती बारीक इचारायला लावत्यात.

गौतमी : मीच विचारायचे. पप्पांना सांगायचेपण नाही.

म्हाळसाबाई : एकदा मी रडले व्हते फोनवर. तू म्हणालीस, राहू दे मावशी, उद्या करते.

गौतमी : हो. मिशीचं विचारलं होतं तेव्हा.

म्हाळसाबाई : मेंढ्याचं शिंग लागल्याली खूण ह्या कॉम्प्युटरमदी बसती व्हय?

गौतमी : सांगणारं कुणी असलं तर बसते.

म्हाळसाबाई : आन् आता? तिथलं बी गेलं पुसून?

गौतमी : नाही, आहे. बघता? थांबा, पडदा सरकवते... हे बघा. मोठं करू?

म्हाळसाबाई : नगं. हाय तेवढं ऱ्हाऊ दे... मालकच हायेत. कोण आलंय वाटंनं, हे डोळं बारीक करून बगायचं ना, तस्संच. बंद कर, बाय. न्हाई, नगं. ऱ्हाऊ दे जरा.

मच्छिंद्र : वहिनी, रविवारी सकाळी मी स्वतः घेऊन येतो. नवी प्रिंट, काच लावून. भंडारा काचेवर लावा, काच पुसा, आतल्याला काय व्हणार न्हाई. ह्या बारीला खरं सांगतोय. आन् खाली नाव गौतमीचं.

म्हाळसाबाई : रविवारी आणाच. पर आज बी चला.

मच्छिंद्र : आज? आज नवं कुठं हाय?

म्हाळसाबाई : नवं नगंच आज. ह्येच घ्या, पुसल्यालं. चला माझ्यासंगं आन् भागुबाईफुडं उभं राहून सांगा, आत्ता मला सांगितलं तसं. स्वराज आज घरी हाय, त्याला बी सांगा.

मच्छिंद्र : रविवारी सांगतो की. समदीच असतील तवा.

म्हाळसाबाई : रविवारी तुम्ही नवं लावाल आन् समदी म्हणतील, बगा, म्हातारीनं घाण केली पर पेंटरनी नीट करून दिलं. पुन्ना तुमचीच वाहवा. माझा हात ऱ्हाईल तसाच.

गौतमी : बरोबर बोलतायत त्या, पप्पा.

मच्छिंद्र : गौते, अगं त्याच वस्तीवर, त्याच अंगणात त्यांनी शाल घातली मला. तिथं जाऊन सांगू, मी खोटं बोललो म्हणून?

म्हाळसाबाई : मग कुठं सांगणार? म्या बी त्याच अंगणात ऐकून घेतलंय.

गौतमी : मीपण येते. शटर लावून घेते.

मच्छिंद्र : तू नको. तू हितं थांब, पुण्याला फोन लाव प्रिंटचा. मी जातो. आन् गौते...

गौतमी : काय?

मच्छिंद्र : त्यो पडदा आता काढूनच टाक.

गौतमी : बरं. मावशी, हे घोंगडीत गुंडाळून देऊ परत?

म्हाळसाबाई : नगं. येताना गुंडाळलं व्हतं, कुणी बगू नये म्हणून. जीपमदी मांडीवर घेऊन बसले, एकीनं इचारलं काय हाय, तर म्हटलं पाट हाय. घोंगडी माझ्या खांद्यावर टाक.

मच्छिंद्र : उघडंच न्यायचं? स्टँडवर समदी वळखीची हायेत माझ्या, वहिनी.

म्हाळसाबाई : माझ्या बी व्हती, त्या चार बाया.

मच्छिंद्र : द्या मग. मी धरतो.

म्हाळसाबाई : हात हालतोय तुमचा.

मच्छिंद्र : हालू द्या. पडू देणार न्हाई.

म्हाळसाबाई : दोन्ही हातांनी धरा, बाहेरच्या अंगाला तोंड करून. आन् बिगीबिगी चला, पेंटर. स्वराजची पोरगी दुपारची झोपली असंल. उठली की मला घ्यायचीय तिला.